पाय आला, हात राहिला

नौपाड्यातल्या जुन्या तीनमजली इमारतींना लिफ्ट नाही, आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला असतो. उजवं अंग गेलेल्या माणसाला वर जाताना तो डाव्या हाताशी आला तर चढणं जमतं. उतरताना तोच कठडा उजवीकडे जातो, आणि उजव्या हाताला तो धरता येत नाही. मग माणूस पाठमोरा उतरतो. डावा हात कठड्यावर, तोंड वरच्या मजल्याकडे, पाऊल मागे चाचपत एकेक पायरी. खाली बायको किंवा मुलगा हात पसरून उभा. गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या मधल्या गल्ल्यांत, भास्कर कॉलनीत, विष्णूनगरात घरोघरी फिजिओथेरपीसाठी जाताना हे उतरणं मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

अशा घरात पहिल्यांदा गेलं की दार उघडणारा माणूस जवळपास ठरलेलं वाक्य बोलतो: “पाय आला, हात राहिला.” गावाला गेलेलं माणूस परत यावं तसा पाय आला, आणि हात तिकडेच राहिला. पण मराठीत ‘राहिला’ हा शब्द आणखी एका अर्थानं चालतो. ‘स्वयंपाक राहिलाय’, ‘बिल भरायचं राहिलंय’ असं आपण म्हणतो तेव्हा ते काम व्हायचं बाकी असतं, हातातून गेलेलं नसतं. घरचे पहिल्या अर्थानं बोलतात. हे पुस्तक दुसऱ्या अर्थासाठी लिहिलं आहे.

पक्षाघातानंतरच्या पहिल्या तासांविषयी इथे फारसं काही नाही. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं तर मीठमोहऱ्या ओवाळत बसू नये, साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेल अशा रुग्णालयात पोचावं, हे आता बहुतेक घरांना ठाऊक आहे. नसेल तर एवढं वाक्य पुरे. आपला विषय त्यानंतरचा आहे. सहा महिने उलटले, वर्ष झालं, चार वर्षं झाली. रुग्णालयाची फाइल कपाटात गेली, भेटायला येणारे थांबले, आणि हात कोपरात वाकून पोटाशी चिकटला. त्या हातासाठी आता रोबोटिक यंत्रं आली आहेत. ठाण्यात, मुंबईत त्यांच्या जाहिराती दिसतात, मोबाइलवर व्हिडिओ फिरतात, आणि मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, “मॅडम, मशीननं हात येईल का?” त्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दाचं उत्तर नाही, म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

हात मागे का राहतो, याला शरीररचनेचं कारण आहे. मेंदूत हालचालींचा जो पट्टा आहे त्यातला पायाचा भाग दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत, आतल्या बाजूला असतो. हाताचा आणि चेहऱ्याचा भाग बाहेरच्या बाजूला पसरलेला असतो. त्या बाहेरच्या भागाला रक्त पुरवणारी मधली धमनी हीच पक्षाघातात सगळ्यात जास्त वेळा बंद पडते. शिवाय पायाचं काम ढोबळपणे केलं तरी निभतं. गुडघा ताठ ठेवून वजन पेललं, पाऊल थोडं फरफटलं, तरी माणूस संडासापर्यंत चालत जातो. हाताचं अर्धवट चालत नाही. खांदा उचलला, कोपर सरळ झालं, पण बोटं उघडली नाहीत तर पेला हातात येत नाही. बोटं उघडली, पेला धरला, आणि मग सुटलीच नाहीत तरी काम अडतं. आणि मुख्य म्हणजे दुसरा हात शाबूत असतो. एका पायावर चालता येत नाही, एका हातावर जगता येतं.

घंटाळी देवीच्या देवळात नेमानं जाणाऱ्या एका काकूंकडे मी बरीच वर्षं जाते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना झटका येऊन चार वर्षं झाली होती. चालत होत्या, बोलत होत्या, डाव्या हातानं पोळ्या भाजत होत्या. देवळात जाणं मात्र त्यांनी थांबवलं होतं. पायऱ्यांची भीती असेल असं मी धरून चालले. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, “तीर्थ उजव्या हातावर घ्यायचं असतं गं. मूठ उघडत नाही. डावा पुढे केला तर गुरुजी काही म्हणत नाहीत, पण मलाच कसंतरी होतं.”

त्या मुठीत अंगठा आत दुमडलेला असायचा. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून सुनेनं मऊ सुती रुमालाची वळी करून मुठीत दिलेली. आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात हात बुडवायचा, बोटं एकेक करून सोडवायची, तळवा पुसून कोरडा करायचा, नखं कापायची. ते चालू असताना दोघीही बोलत नसत. आम्ही ज्याला वैद्यकीय कागदावर ‘स्पास्टिसिटी’ असं लिहितो, ते घरात असं दिसतं.

काकूंच्या सुनेनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सहा महिन्यांनंतर हात सुधारत नाही असं त्यांना सांगण्यात आलं आहे. मी गप्प राहिले, कारण हेच वाक्य मीही कितीतरी घरांत बोलले होते. ते सगळं खोटं नाही. झटक्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपणहून झपाट्यानं सावरतो, पुढे तो वेग मंदावतो, आणि साधारण सहा महिन्यांनंतरच्या अवस्थेला संशोधक ‘जुना’ पक्षाघात म्हणतात. अभ्यासाच्या सोयीसाठी आखलेली ही रेघ होती. आम्ही लोकांनी तिची भिंत केली. आपोआप होणारी सुधारणा थांबते याचा अर्थ शिकून होणारी सुधारणा थांबते असा आम्ही लावला, आणि घरच्यांनी तो आमच्या तोंडून ऐकला. ज्यांच्या बाबतीत मी हे वाक्य उच्चारलं त्यांतले काही आता नाहीत. त्याची मला खंत आहे.

मराठीत ‘अंगवळणी पडणं’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. सायकल अंगवळणी पडते, विळीवर चिरणं अंगवळणी पडतं. तसंच हात न वापरणंही अंगवळणी पडतं. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं माकडांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं होतं: सुरुवातीला हात हलवायचा प्रयत्न फसतो, दुसऱ्या हातानं काम होतं, आणि पुढे पहिल्या हातात थोडी ताकद आली तरी प्राणी तो वापरून पाहतच नाही. त्यावरून त्यानं चांगला हात दिवसभर मिटनमध्ये बांधून ठेवून लुळ्या हाताकडून काम करून घेण्याची पद्धत काढली. २००६ साली अमेरिकेत २२२ जणांवर झालेल्या चाचणीत, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या लोकांना तिचा चांगला उपयोग झाल्याचं दिसलं. पण तिला एक अट आहे. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडावी लागतात. काकूंसारख्यांना ती पद्धत लागूच होत नव्हती. रोबोची गरज नेमकी तिथे सुरू होते.

आता मोजणीकडे येऊ. हा सगळा विषय शेवटी मोजणीचा आहे, असं माझं मत झालं आहे. १९९६ साली रॅन्डॉल्फ नुडो यांनी माकडांच्या मेंदूत हाताच्या जागी लहानशी इजा करून मग त्या हातानं खळग्यातले दाणे काढण्याचा सराव रोज शेकडो वेळा करून घेतला. इजेच्या शेजारचा भाग हाताचं काम सांभाळू लागला. सराव न झालेल्या माकडांत शेजारचा चांगला भागही हाताचं काम सोडून बसला. आता माणसांचं पाहू. कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रत्यक्ष उपचार चालू असताना शेजारी बसून मोजलं. हातासाठीच्या एका सत्रात रुग्ण स्वतः किती वेळा उपयोगाची हालचाल करतो? सरासरी ३२. माकडाला शेकडो आणि माणसाला बत्तीस.

हे वाचल्यावर मी माझं एक सत्र मोजलं. पाऊण तासाची भेट. बीपी पाहिलं, खांदा मोकळा केला, बोटं ताणली, उभं केलं, हॉलच्या दोन फेऱ्या मारल्या, मुलीच्या प्रश्नांना उत्तरं दिली, चहा झाला. हात जेवढा हलला त्यातला बहुतेक मीच हलवला होता. त्यांनी स्वतःहून केलेल्या हालचाली तीसही भरल्या नाहीत. मी कामचुकार नव्हते. एका माणसाला दुसऱ्या माणसाचा जड, ताठ हात हजार वेळा पेलणं शक्यच नसतं. दहाव्या मिनिटाला माझाच खांदा भरून येतो.

हजार वेळा पेलण्याचं ते काम यंत्राला देता येईल का, हा प्रश्न १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटीत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी घेतला आणि ‘एमआयटी-मॅनस’ हे यंत्र तयार केलं. मॅनस म्हणजे लॅटिनमध्ये हात. १९९४च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्समधल्या बर्क पुनर्वसन रुग्णालयात त्यावर पक्षाघाताचे रुग्ण बसू लागले. कारखान्यातला रोबो ठरलेल्या रेषेवरून हट्टानं जातो. मध्ये कुणाचा हात आला तरी थांबत नाही. तसलं यंत्र रुग्णाच्या हाताला बांधलं तर खांदाच निखळेल. होगन यांचं मूळ काम याच मुद्द्यावर होतं: यंत्रानं कधी ताठ राहायचं आणि कधी नमतं घ्यायचं, ते गणितात कसं बसवायचं. त्यामुळे हे यंत्र बोटानं ढकललं तरी मागे सरतं. उपचाराच्या दृष्टीनं त्याच्या ताकदीपेक्षा हा गुण मोठा आहे.

प्रत्यक्ष सत्र असं असतं. माणूस टेबलाशी बसतो. धड पुढे झुकू नये म्हणून खांद्यावरून पट्टे. कोपरापासूनचा हात पन्हाळीसारख्या आधारात ठेवून वेल्क्रोनं बांधलेला. समोरच्या पडद्यावर मधोमध एक ठिपका आणि त्याभोवती घड्याळाच्या आकड्यांसारखे आठ ठिपके. त्यातला एक उजळतो. हात तिकडे न्यायचा. यंत्र क्षणभर वाट पाहतं. हात निघाला तर ते फक्त वाट सांभाळतं, अडला तर थोडा रेटा देतं, भलतीकडे गेला तर हळूच वळवून आणतं. पोचला की मध्यावर परत, मग दुसरा ठिपका. पहिल्या दहा मिनिटांत रुग्ण पडद्याकडे कमी आणि आपल्या हाताकडे जास्त बघतो. कित्येक वर्षांत तो हात पोटापासून इतका दूर गेलेला नसतो. तासाभराच्या सत्रात अशा हालचालींची संख्या हजाराच्या घरात जाते.

या घराण्यात आता बरीच यंत्रं आहेत. काही मूठ किंवा मनगट धरून हात फिरवतात, काही खांद्यापासून बोटांपर्यंत हातावर चिलखतासारखी चढतात, काहींत मोटरच नसते, फक्त स्प्रिंग हाताचं वजन तोलून धरते. प्रकारांचे तपशील आतल्या प्रकरणांत आहेत. इथे एकच गोष्ट सांगते, कारण तिच्यावर पैसे वाया जाणं किंवा न जाणं अवलंबून आहे. यंत्र सगळंच करायला लागलं की माणूस करायचं थांबवतो. तो आळशी असतो असं नाही. शरीरच कष्ट वाचवतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड राइनकेन्समायर यांच्या गटानं हे मोजून दाखवलं आणि म्हणून मदत हवी तेवढीच देणारी, सुधारणा होईल तशी मागे घेणारी यंत्रं असावीत असा आग्रह धरला. डोळे मिटून यंत्रात हात अडकवून बसलेला रुग्ण मी पाहिला आहे. हात छान फिरत होता. मेंदूला त्यातून काही मिळत नव्हतं.

मग हात येतो का? २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली चाचणी प्रसिद्ध झाली. १२७ जण, सगळ्यांच्या झटक्याला किमान सहा महिने, सरासरीनं चार वर्षांहून जास्त काळ लोटलेला. एका गटाला १२ आठवड्यांत रोबोवर ३६ तास, दुसऱ्याला तितक्याच तीव्रतेचा सराव पण थेरपिस्टच्या हातानं, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. बारा आठवड्यांनंतर रोबो आणि नेहमीचे उपचार यांत ठाम फरक दिसला नाही. ३६ आठवड्यांनंतर मात्र रोबोचा गट हाताची हालचाल मोजणाऱ्या ६६ गुणांच्या मोजपट्टीवर जवळपास तीन गुणांनी पुढे होता. आणि रोबो विरुद्ध तितकाच सराव घेणारा थेरपिस्ट? बरोबरी.

या निकालाकडे लोकांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं. ‘फक्त तीन गुण’ असं कुणी म्हटलं. मला त्यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली, चार-पाच वर्षं जुना हातही हलतो. सहा महिन्यांची भिंत तिथे पडली. दुसरी, फायदा लोखंडाचा नव्हता, संख्येचा होता. माणसानं तितकीच आवर्तनं करून घेतली तर तोही तेच देतो. फक्त तसं करून घेणारा माणूस बाहेर कुठे मिळत नाही.

तीन गुण म्हणजे काय, ते मला एका निवृत्त कारकुनांनी दाखवलं. उजवा हात गेलेला, सही गेलेली. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा तेव्हा अंगठा उठवावा लागे, आणि आयुष्यभर इतरांचे अंगठे घेतलेल्या त्या माणसाला ते फार लागायचं. डाव्या हातानं सही गिरवायला त्यांनी सुरुवात केली, पण कागद टेबलावर सरकायचा. बारा आठवडे यंत्रावर जाऊन आल्यावर त्यांच्या उजव्या हाताची बोटं काही सुटी झाली नाहीत. कोपर सरळ होऊ लागलं, खांद्यातून हात पुढे येऊन टेबलावर टेकू लागला. ते मला म्हणाले, “आता कागद सरकत नाही.” डावा हात लिहितो, उजवा कागद दाबून धरतो. डब्याचं झाकण उघडताना डबा धरतो, पिशवीचा बंद मनगटात अडकवतो. मालक होता तो हात मदतनीस झाला. पुष्कळ जुन्या हातांच्या बाबतीत यश एवढंच असतं, आणि ज्या घरात ते येतं तिथे त्याला कुणी ‘एवढंच’ म्हणत नाही.

पुढची चाचणी जास्त कडक निघाली. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांचा अभ्यास आला, झटक्याला एक आठवड्यापासून पाच वर्षांपर्यंत काळ झालेले लोक होते. आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, १२ आठवडे. हाताचं काम ठरलेल्या प्रमाणात सुधारलेल्यांची संख्या रोबोच्या गटात ४४ टक्के, नेहमीच्या उपचारांत ४२, आणि रुग्णानं स्वतः निवडलेल्या कामांचा थेरपिस्टकडून वारंवार सराव घेतलेल्या गटात ५० टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर यातला कुठलाच फरक टिकला नाही, आणि रोबोचा खर्च त्या मानानं परवडणारा ठरला नाही. रोबोमुळे हाताच्या नुसत्या हालचाली थोड्या सुधारल्या होत्या. त्या जेवणात, कपड्यांत, आंघोळीत उतरल्या नाहीत. ठिपक्याकडे जाणारा हात पेल्याकडे आपणहून जात नाही. ते वेगळं शिकवावं लागतं. रोबो विकणाऱ्यांच्या पत्रकात हा अभ्यास सापडणार नाही, म्हणून तो इथे विस्तारानं सांगितला.

याच्या शेजारी लंडनमधल्या क्वीन स्क्वेअरचा अनुभव ठेवावा. तिथे निक वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २२४ जुन्या रुग्णांना तीन आठवड्यांत ९० तासांचा सराव दिला, आणि सहा महिन्यांनंतर त्याच प्रकारच्या पट्टीवर सुमारे नऊ गुणांची वाढ टिकून होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्यातली उणीव. तरी ३६ तासांत तीन आणि ९० तासांत नऊ, हे आकडे मी कित्येक रात्री एकमेकांशेजारी ठेवून पाहिले आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न किती घरांचा आहे? मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५-०६मध्ये केलेल्या पाहणीत वर्षाला लाखामागे १४५ जणांना पहिला पक्षाघात होत असल्याचं दिसलं. शहरी रोग म्हणून तो बाजूला ठेवता येत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा मागोवा घेतला, तेव्हा दर सातांतला एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला. तिथल्या मृत्यूंचं ते सर्वांत मोठं कारण होतं. जे वाचले त्यांचं पुढे काय? घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेण्याचा मार्ग भारतात मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे. १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण, २०१७ साली निकाल. सहा महिन्यांनंतर, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत ४७ टक्के लोक एक तर दगावले होते किंवा परावलंबी होते. काडीचा फरक नव्हता. ते रुग्ण नव्या झटक्याचे होते आणि रुग्णालयातलं शिक्षण थोड्या तासांचं होतं. तरी मला त्यातून एवढं कळलं की बायकोला किंवा सुनेला चार व्यायाम दाखवून हात झटकता येत नाहीत. तिच्या अंगावर आधीच घर आहे.

पुनर्वसनाची परंपरा आपल्याला जवळची आहे. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५पासून उभी आहे, आणि ठाण्याहून दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरणारी किती तरी कुटुंबं मला माहीत आहेत. यंत्रांच्या बाबतीतही आता सगळं परदेशावर अवलंबून नाही. दिल्लीत एम्स आणि आयआयटी यांनी मिळून मनगट आणि बोटांसाठी यंत्र तयार केलं आणि जुन्या रुग्णांवर तपासलं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांचं ‘प्लूटो’ हे हाताचं यंत्र टेबलावर मावेल एवढं लहान आहे. माझी आशा या लहान यंत्रांवर आहे, आणि त्याचं कारण लोकलच्या डब्यात आहे. आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे म्हणजे जाऊन-येऊन ७२ प्रवास. डोंबिवली किंवा कल्याणहून निघालेला माणूस, बरोबर सुट्टी घेतलेला मुलगा, दिव्यांगांच्या डब्यातली गर्दी, पुलाच्या पायऱ्या, आणि त्याच एका बाजूच्या कठड्याची गोष्ट. हात कितीही सुधारला तरी या फेऱ्यांत कंबर आणि धीर दोन्ही खचतात. यंत्र कुठल्या कंपनीचं याआधी ते घरापासून किती अंतरावर आहे, हे विचारावं.

पैसे भरण्यापूर्वी आणखीही काही विचारावं. एका सत्रात रुग्ण स्वतः किती वेळा हात हलवतो, हा आकडा यंत्रात नोंदलेला असतो. तो दाखवा म्हणावं. महिन्याभरानं यंत्राची मदत कमी झाली का, तेही तिथेच दिसतं. सत्र संपल्यावर पट्टे सोडून लगेच पंधरा-वीस मिनिटं खऱ्या वस्तू, म्हणजे पेला, डबा, टॉवेल, हातात देतात का? देत नसतील तर ब्रिटनच्या चाचणीत जे झालं तेच होण्याचा संभव आहे. खांदा दुखत असेल, निखळल्यासारखा खाली उतरला असेल तर आधी त्याकडे पाहावं. उजव्या अंगाबरोबर ज्यांची वाचा गेली आहे त्यांना दुखलं तर सांगता येत नाही. त्यांच्याजवळ चेहरा ओळखणारं घरचं माणूस हवंच. आणि हातात कसलीच हालचाल उरलेली नसेल, तर यंत्राकडून मोठी अपेक्षा धरू नये. ‘हात पूर्ण बरा करून देऊ’ असं सांगून आगाऊ रक्कम मागणारे आहेत. मेडिक्लेम या खर्चाला बहुधा हात लावत नाही. एका घरात पाटल्या मोडल्या गेल्या, आणि हात होता तिथेच राहिला. तेवढ्या पैशांत वर्षभर रोज कुणीतरी शेजारी बसून सराव करून घेऊ शकलं असतं.

काकूंनी रोबो पाहिलाही नाही. त्या प्रवास करण्याजोग्या नव्हत्या आणि जवळपास तसं केंद्र नव्हतं. पण रोबोच्या अभ्यासातून मी जी गोष्ट शिकले होते ती मी त्यांच्या डायनिंग टेबलावर आणली. टेबलावर टाल्कम पावडर पसरली, उजव्या हाताखाली जुना सुती रुमाल दिला म्हणजे घर्षण कमी. समोर खडूनं ठिपके काढले. हात सरकवत न्यायचा, परत आणायचा. डॉक्टरांनी ताठरपणासाठी बोटुलिनमचं इंजेक्शन दिल्यावर कोपर थोडं सैल झालं होतं, त्याचा फायदा झाला. अडचण मोजणीची होती. तीसचाळीसनंतर आकडा चुकायचा, सून स्वयंपाकघरात, मी पुढच्या घरी. काकूंनीच त्यावर उपाय काढला. डाव्या हातात जपमाळ घेतली. उजवा हात एकदा जाऊन आला की एक मणी पुढे. एकशेआठ झाले की एक माळ.

पहिल्या आठवड्यात अर्धी माळ व्हायची आणि त्या घामेजून जायच्या. दोन महिन्यांनी दिवसाला तीन माळा होऊ लागल्या. तीनशे चोवीस. या पुस्तकाच्या शेवटी जी आखलेली कोरी पानं आहेत ती त्यांच्या वहीवरून घेतली आहेत: तारीख, काम, किती वेळा.

पुढच्या वर्षी नवरात्रात त्या सुनेचा हात धरून घंटाळीला गेल्या. बोटं पूर्ण उघडत नव्हती, आजही उघडत नाहीत. अंगठा तेवढा बाहेर आला होता आणि तळव्यात खोलगटपणा उरला होता. तीर्थासाठी हात सपाट लागत नाही, अर्धा मिटलेलाच लागतो. डाव्या हातानं खालून आधार देऊन त्यांनी उजवा पुढे केला. गुरुजींनी नेहमीप्रमाणे पळी वाकवली. थोडं तीर्थ मनगटावरून ओघळून साडीच्या काठावर सांडलं, उरलेलं त्यांनी तोंडाला लावलं.

नौपाडा, ठाणे